छबूमामीची सवत

नोंदीत खोटं लिहिलेलं मला खपत नाही. रक्तदाब घेतला नसेल तर 'घेतला नाही' असं सरळ लिहा. अंदाजानं एकशेवीस-ऐंशी ठोकून देणाऱ्या पोरींना मी भर वॉर्डात झापलेलं आहे. लोंढे सिस्टरची ड्यूटी आहे म्हटलं की पेशंटचे तक्ते आपोआप खरे व्हायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीच अब्रू गुंतलेली आहे.

मी मार्था लोंढे. नोकरी एकतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा घरभेटीची. पन्हाळ्याच्या पायथ्याची चौदा गावं, बॅटरीवरची स्कूटर, पाठीवर पेटी आणि हृदयाचे बावीस पेशंट. त्या बाविसांतले सगळ्यात लाडके आणि सगळ्यात द्वाड म्हणजे वाघवड्याचे हिंदुराव चौगुले. मी त्यांना मामा म्हणते. ते मला 'शिस्टर' म्हणतात, आणि रागावले की 'ओ बाई'.

मामा गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, ती काहील आचेवरून कधी उतरवायची हे जो ठरवतो तो गुळव्या. उकळता पाक थोडासा पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळून बघायची आणि म्हणायचं, "उतरा." जरा आधी म्हटलं तर गूळ पाघळतो, जरा उशिरा म्हटलं तर करपतो. आज दोन हजार त्रेचाळीस साली हे कामही यंत्र करतं म्हणे. करत असेल. तो गूळ खाऊन बघा, मग माझ्याशी बोला.

तर अशा माणसाच्या छातीत अकरा वर्षांपूर्वी कळ आली. हृदय अख्ख्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच की. ते ज्या बारीक नळ्यांतून येतं त्या मामांच्या अरुंद झाल्या होत्या. बसून असताना भागायचं. काहील उचलायची वेळ आली, उन्हात चढ चढला, कुणावर तरी ओरडले, की हृदयाचं काम वाढायचं आणि पुरवठा पडायचा कमी. मग स्नायू कळवळून ओरडायचा. छातीवर कुणी जातं ठेवलंय असं वाटायचं, कळ डाव्या हातात उतरायची. याला हृदयशूळ म्हणतात. हा झटका नव्हे, पण झटक्याचा सख्खा शेजारी.

त्यावर जिभेखालची गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचं ओझं उतरतं, दोन-चार मिनिटांत कळ जाते. गोळी एवढीशी, पण तिचे नखरे फार. काचेच्या गडद बाटलीतच ठेवायची, उजेड-उष्णता लागली की मेली. चावायची नाही, गिळायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी खाली बसायचं, मग गोळी घ्यायची. कारण तिनं रक्तदाब उतरतो, उभ्यानं घेतली तर माणूस धाडकन खाली. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर थेट ॲम्ब्युलन्स. हे सगळं मी मामांना नाही, मामींना शिकवलं. मामांना शिकवण्यात अर्थ नव्हता.

छबूमामी. ठेंगणी, काटक, गुऱ्हाळात ढेपा फडक्यात बांधायचं काम करणारी. बाटली कमरेच्या पिशवीत नको, अंगाच्या उबेनं गोळी खराब होते, असं मी सांगितल्यावर तिनं गुऱ्हाळाच्या लांबच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठाशेजारी कोनाडा केला. मामांच्या तोंडावरचा रंग बदलला की हातातली ढेप टाकून ही हजर. "बसा." मामा माठाजवळच्या दगडावर बसायचे. ही गोळी जिभेखाली ठेवायची, शेजारी टेकायची, आणि पाच मिनिटं मनगट धरून ठोके मोजायची. कुणीही बोलायचं नाही, हाही माझाच नियम.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे भर दिवसा, चार माणसांसमोर, नवरा-बायको काम टाकून शेजारी-शेजारी बसत नाहीत. बसले तर, "काय मामा, लगीन कालच झालं जणू!" म्हणून आठवडाभर हसं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांना ती सवलत दुखण्यानं मिळाली होती. दिवसाकाठी एकदा, कधी दोनदा. पाच-पाच मिनिटं. मी कितीदा बघितलंय, आणि एकदाही माझ्या हे लक्षात आलं नाही. नर्सला फक्त घड्याळ दिसतं.

*

मागच्या पावसाळ्यात मामांचं दुखणं वाढलं. आमच्या डॉक्टर ओवी सरनोबत, वय तीस, हुशार, बोलणं मशीनगनसारखं, त्यांनी सांगितलं की यंदा गुऱ्हाळ बंद. मामा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. तिसऱ्या दिवशी मामींचा फोन. "शिस्टर, ह्यास्नी घरात बसवलं तर म्हैन्यात संपत्याल. काय तरी बगा."

म्हणून मी भांडून मामांचं नाव चकतीच्या यादीत घातलं.

सरकारी कागदावर तिचं नाव 'हृदयसखा'. असली नावं कोण ठेवतं देव जाणे. गावात सगळे चकतीच म्हणतात. रुपयापेक्षा थोडी मोठी, डाव्या छातीवर चिकटते. हृदयातून निघणारी वीज ती वाचते, घामातली रसायनं चाखते, आणि पुरवठा कमी पडू लागला की कळ येण्याआधी दोन मिनिटं तिला समजतं. मग केसापेक्षा बारीक सुयांतून ती तेच आपलं जुनं औषध कातडीखाली सोडते. कळ येतच नाही. रात्री दहा ते सकाळी आठ ती फक्त पहारा करते, औषध देत नाही, कारण हे औषध अखंड मिळत राहिलं की शरीराला सवय होते आणि गुण येईनासा होतो. औषधालाही रोजची सुट्टी लागते. म्हणून मामांनी काहिलीपाशी आठच्या आत जायचं नाही, असं मी बजावलं होतं.

आणखी एक गंमत. चकतीच्या मधोमध एक बटण. चकतीला कळलं नाही पण माणसाला दुखलं, तर त्यानं ते दाबायचं. पिवळा दिवा लागतो. सगळ्यांची हृदयं सारखी बोलत नाहीत ना. चकती माणसाचं ऐकते, आपल्या मोजमापाशी ताडून बघते आणि शिकते.

चकती लावताना मी मामांच्या छातीवरचे केस काढत होते. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"म्हंजे आता ही सांगणार ह्यास्नी कवा दुखालंय त्ये?"

"दुखायच्या आधी सांगणार, मामी."

"आनि औषीदबी हीच देनार?"

"हीच देणार. आता वरून जिभेखालची गोळी अजिबात द्यायची नाही. दोन्ही एकदम झालं तर रक्तदाब पार तळाला जाईल."

मामींनी चकतीकडे एकदा निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "ह्या वयात सवत आणून बसवलासा की वो शिस्टर, छातीवर."

मामा हसले. मीही हसले. मी बाटलीतल्या गोळ्या मोजून काढून घेतल्या, एकोणीस, आणि वहीत लिहिल्या. मामी म्हणाल्या, "बाटली ऱ्हाऊ दे. रिकामी का असंना." मी म्हटलं राहू दे, बापडी.

*

गुऱ्हाळ सुरू झालं आणि मामा पाच वर्षांनी लहान झाले. दिवसाला एक काहील करायचे ते तीन करू लागले. कळ नाही, दम नाही, बसणं नाही. माझ्या फोनवर चकतीच्या नोंदी यायच्या: दिवसात पाच वेळा औषध, कधी सहा. ठोके ठीक. ठोके आवरणारी सकाळची गोळी वेळेवर. मी खूश. डॉक्टर तर इतक्या खूश की मामांचा आलेख त्यांनी पुण्याच्या सभेत दाखवला.

मामी तेवढ्या बारीक दिसायला लागल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया?" मी ते वहीत लिहिलं नाही. मामी काही माझ्या पेशंट नव्हत्या.

तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी नऊ चाळीसला बटण दाबलेलं. चकतीचं मोजमाप मात्र म्हणत होतं, पुरवठा उत्तम. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ चाळीस. तिसऱ्या दिवशीही. अहो, हृदयशूळ काय एसटी आहे वेळापत्रकानं यायला? फोन केला. मामा म्हणाले, "दुखतंय तवा दाबतो. बटण कशाला हाय मग?" मी डॉक्टरांना कळवलं. त्या म्हणाल्या, बघू, चकती शिकेल.

ती शिकली.

आठव्या दिवशी पावणेदहाला मामींचा फोन आला. आवाज एकदम थंड. या बाईचा आवाज संकटात थंड होतो, हे मला माहीत होतं, म्हणून मी आधी स्कूटरची चावी हातात घेतली.

"शिस्टर, ह्ये पडलं. काहिलीम्होरं."

"भाजलं?"

"न्हाई. धरलं म्या. पर डोळं फिरवल्यात."

"आडवं निजवा. पाय उंच करा, ढेप ठेवा पायाखाली. श्वास चालू आहे?"

"हाय. ठोकं लागत्यात, पर लई बारीक."

मी फोनवरूनच चकतीचं औषध बंद केलं, ॲम्ब्युलन्स सांगितली आणि स्कूटर अशी हाकली की आमच्या पाद्रीसाहेबांनी बघितलं असतं तर प्रार्थनाच केली असती.

पोचले तेव्हा मामा शुद्धीवर आले होते. रक्तदाब ऐंशीला पन्नास. पाय तसेच वर ठेवले, घाम पुसला, दर पाच मिनिटांनी मोजत राहिले. नव्वद. शंभर. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ईसीजीची पट्टी काढून हृदय तपासलं, झटका नव्हता. शंभराला मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला, आणि श्वास घेतल्याबरोबर भडकले. कारण माठाशेजारच्या कोनाड्यात ती गडद बाटली होती, आणि मी हलवली तर आत खुळखुळलं.

"मामी!" मी ओरडले. गुऱ्हाळातली दहा माणसं वळून बघायला लागली. "गोळ्या कुठनं आणल्या? सांगितलं होतं ना तुम्हाला? मारायचं होतं का माणसाला?"

मामींनी माझ्या हातातून बाटली घेतली, टोपण काढलं आणि माझ्या तळहातावर उलटी केली. ज्वारीच्या दाण्याएवढे, पिवळसर, हातानं वळलेले खडे. मी एक जिभेवर ठेवला.

गूळ होता.

*

मामांना दवाखान्यात नेलं. मामी माझ्या मागे स्कूटरवर. पहिल्या वळणावरच मला राहवेना.

"गूळ कशाला हो मामी?"

"रोज नऊ चाळीसला बसायचं म्हनत्यात, दुखालंय. बटण दाबून दिवा दावत्यात. मी मनगट धरती. शिस्टर, अकरा वर्सं ती नाडी माझ्या बोटाखाली हाय. खरं दुखणं आनि खोटं दुखणं मला कळंना व्हय?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून?" मामी म्हणाल्या. "कळलं म्हनून सांगितलं आस्तं, तर ह्यानी बसायचं सोडलं आस्तं. कायतरी द्याला पायजे म्हनून गूळ दिला."

मी आरशात बघितलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

दवाखान्यात मामा पलंगावर बसून होते, शाळेत पकडलेल्या पोरासारखा चेहरा करून. मी पडदा ओढला.

"मामा, खरं सांगा. दुखत होतं?"

"न्हाई."

"मग बटण?"

मामा चादरीची किनार चाळवत राहिले. "ही चकती लागल्यापास्नं ती माझ्याजवळ यायचीच बंद झाली. काम काय उरलं नव्हतं न्हवं तिला. मी तीन-तीन काहिली काढालतो, ती तिकडं ढेपा बांधालती. दिवसभर नुसतं लांबनं बगायचं. आनि उगंच जाऊन बसावं तर हिथं दहा जनं दात काढाय बसल्यात." ते थांबले. "दिवा लागला की कुनाची हसायची टाप न्हाई."

"आणि तोंडात काय ठेवतात ते कळलं नाही?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच बावळट. "ओ बाई, मी गुळव्या हाय. कुठल्या काहिलीतला त्येबी सांगंन."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आस्तो तर तिनं यायचं सोडलं आस्तं."

मी पडद्याबाहेर आले आणि हात धुवायच्या बेसिनचा नळ सोडून उगाच उभी राहिले. मला रडू येत होतं. छप्पन वर्षांची बाई, ड्यूटीवर, रडू काय येतं? पण येत होतं.

*

डॉक्टर सरनोबतांनी नोंदी उलगडल्या तेव्हा सगळं स्पष्ट झालं. मामा रोज त्याच वेळी 'दुखतंय' म्हणत होते. चकतीनं स्वतःच्या मोजमापापेक्षा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. या माणसाला नऊ चाळीसला दुखतं, मग आपण त्याआधीच औषध द्यावं. त्या दिवशी नऊ पस्तीसला तिनं भरपूर औषध सोडलं. मामा तेव्हा काहिलीपुढे उभे होते. उभे! माझ्या अकरा वर्षांच्या धड्यातला पहिला शब्द 'बसा' होता, आणि तो चकतीला कुणी शिकवलाच नव्हता. मामी धावल्या, कारण नऊ चाळीस व्हायला आले होते आणि त्यांचं लक्ष तिकडेच होतं. काहील दोन हातांवर उकळत होती.

"खोटी नोंद तीनदा झाली की चकती काढून घ्यायची," डॉक्टर म्हणाल्या. "इथे सातदा झालीये. नियम आहे, सिस्टर. यादीत चाळीस जण थांबलेत. तुम्ही अहवाल लिहा, मी सही करते."

चकती गेली की गुऱ्हाळ गेलं. गुऱ्हाळ गेलं की मामा भिंतीकडे तोंड करून निजणार. अहवाल माझ्यासमोर उघडा होता आणि मला, लोंढे सिस्टरला, एक शब्द सुचत नव्हता. खोटं लिहिणार नव्हते. खरं लिहिलं तर माणूस जात होता.

मग मी नोंदी परत काढल्या. पहिल्यापासून, रोजच्या, तासातासाच्या. आणि मला ते दिसलं.

"मॅडम, हे बघा. बटण दाबायला लागायच्या आधी दहा ते दुपारपर्यंत चकतीला तीनदा औषध द्यावं लागायचं. या आठ दिवसांत, आजचा सोडला, तर एकदा. कारण मधे पाच मिनिटं माणूस बसला होता. काम थांबलं, ठोके उतरले, हृदयाला विश्रांती मिळाली. चकतीनं कळ काढली आणि कळेबरोबर त्यांचं बसणंच काढून टाकलं. ते आपण परत द्यायला हवं होतं. पेशंटनं स्वतःच घेतलं, चुकीच्या दारानं."

डॉक्टरांनी आलेख दोन बोटांनी मोठा करून बघितला. "मग नुसतं सांगा ना त्यांना, रोज बसत जा म्हणून."

"नुसतं सांगून नाही बसणार. लिहून द्या. औषधाच्या कागदावर."

"कसं लिहू?"

"बाकीचं लिहिता तसंच. काय, किती, कधी, कशाबरोबर."

त्या हसल्या. मशीनगन जरा थांबली. मग त्यांनी लिहायला घेतलं. बटण महिनाभर बंद. चकतीचं जुनं शिकणं पुसायचं. आणि यापुढे चकतीनं आधी थरथरून इशारा द्यायचा, माणूस खाली बसल्याचं समजलं की मगच औषध सोडायचं. हे शेवटचं कलम माझं. आता म्हणे ते राज्यभरातल्या चकत्यांत घालणार आहेत. घालू देत, उशिरा का होईना.

अहवालात मी सगळं खरं लिहिलं, बटणासकट. खाली डॉक्टरांनी लिहिलं: पेशंटची चूक नाही, उपचारात त्रुटी. चकती राहू द्यावी. आणि सही केली.

*

दहा दिवसांनी मामा गुऱ्हाळात परतले त्या सकाळी मी मुद्दाम गेले. मामांनी कागद माझ्या हातात दिला. "वाचा जरा मोठ्यानं. माझा चष्मा न्हाई." चष्मा खिशात होता, मला दिसत होता.

मी वॉर्डातल्या आवाजात वाचलं. "औषध क्रमांक चार. रोज सकाळी नऊ चाळीसला काम पूर्ण थांबवून बसणे. पाच मिनिटे. पत्नीने शेजारी बसून मनगटाची नाडी मोजणे. बोलणे नाही. एकही दिवस चुकवू नये."

चुलीत चिपाडं सारणारा म्हादू म्हणाला, "आयला मामा, असलं बी औषीद असतंय व्हय?"

"डाक्टरचा हुकूम हाय बाबा," मामा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "करता काय."

कुणी हसलं नाही. नऊ चाळीस झाले. बसायची आठवण म्हणून लावून ठेवलेली चकती थरथरली. मामा माठाजवळच्या दगडावर बसले. मामींनी हातातली ढेप शांतपणे खाली ठेवली, पदराला हात पुसले, येऊन शेजारी टेकल्या आणि मनगट धरलं. कोनाड्यातल्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. आता गरज नव्हती.

मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली. दोघंही हलली नाहीत. मामींचे डोळे मिटलेले होते, ओठ ठोके मोजत होते, की नव्हते, कोण जाणे. सहा झाली. आठ. मामांचा अंगठा मामींच्या बोटांवर येऊन थांबला होता. माझ्या तोंडाशी 'मामी, वेळ झाली' आलं होतं, ते मी गिळलं आणि पाठ फिरवून उगाच पेटी आवरत बसले.

उठली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. मी वही काढली, तारीख घातली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा, चांगल्या धडधडीत अक्षरात लिहिलं: पाच मिनिटे.